मागच्या कडेचे सारस

लग्नानंतर मी सासरी आले तेव्हा बैलांची दमणी थेट घरी गेली नाही. तलावाच्या पाळीवर ती थांबवली, मला खाली उतरवलं आणि सासूबाईंनी लांब पाण्याच्या पलीकडे बोट दाखवलं. तिथं दोन सारस उभे होते. माणसाएवढे उंच, राखाडी अंगाचे, लाल मानेचे. "हात जोड," त्या म्हणाल्या. मी जोडले. माझं माहेर गोंदियाचं, स्टेशनाजवळचं. वडील शाळेत शिकवायचे. पक्षी म्हणजे कावळे, चिमण्या आणि मालधक्क्यावर सांडलेले तांदूळ टिपणारी कबुतरं एवढंच मला ठाऊक होतं. नवी नवरी म्हणून सांगतील ते करायचं, तेवढ्यापुरते ते हात जोडले होते.

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामाजी. मामाजी गावचे मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारे जमीनमालक; लोक त्यांना पटेलही म्हणत. तलाव त्यांच्या पूर्वजांनी गावाला हाताशी धरून बांधलेला. पुढच्या बाजूला मातीची उंच पाळ, तिला लागून खोल पाणी आणि पाणी सोडायचं तुडूम. तुडूम उघडलं की पाणी पाटानं खाली धानाच्या बांध्यांत जायचं. मागच्या बाजूला मात्र पाळ नव्हती. तिकडे जमीन हळूहळू चढत जंगलापर्यंत जायची आणि पाणी पातळ होत होत संपायचं. तिथं कमळं, शिंगाड्याचे वेल, देवनळाची दाट बेटं. त्या बाजूला सगळे 'मागची कड' म्हणायचे. पाखरं सगळी तिथंच. पावसाळ्यात सारसांचं घरटं तिथं, थंडीत बाहेरून येणाऱ्या बदकांचा मुक्काम तिथं. मागच्या कडेला बंदूक चालवायची नाही, असा गावात रिवाज होता. का, ते ज्याचं त्यानं वेगळं सांगितलं. पाखरांच्या विष्ठेनं मासळी पोसते, असं तलावावर मासे धरणारे ढिवर म्हणायचे. मामाजी म्हणायचे, माझ्या बापानं चालवली नाही म्हणून मीही चालवत नाही.

मी सांगते आहे ती गोष्ट जर्मनीची दुसरी लढाई सुरू होण्याच्या थोडी आधीची. माझी मुलगी तेव्हा रांगत होती. त्या वर्षी पावसानं सारसांचं पहिलं घरटं वाहून नेलं होतं. त्यांनी पुन्हा काड्या रचल्या, पुन्हा अंडी घातली, आणि एक पिल्लू जगलं. पण उशीर झालेला. थंडी पडली, धान कापून झालं, तरी पिल्लाला उडता येत नव्हतं. तपकिरी मानेचं ते पोर आईबापांच्या मधोमध चिखलातून चालायचं, पंख पसरून थोडं धावायचं आणि थांबायचं. पाणी भरायला गेलं की बायका विचारायच्या, "उडलं का व?" "नाई अजून."

अशात एका सकाळी कॅम्पाचा जमादार घोड्यावरून आला. एक मोठे गोरे अंमलदार पाहुण्यांना घेऊन बदकांच्या शिकारीला येणार होते. छोट्या लाईनच्या गाडीनं अर्जुनीपर्यंत आणि तिथून आमच्या तलावावर. तंबूंसाठी जागा, दूध, कोंबड्या, जळण, बैलगाड्या, डोंगे आणि डोंगे चालवायला माणसं, हे सगळं गावानं द्यायचं. यात नवीन काही नव्हतं. मामाजी मान हलवत होते. मी दाराआड मुलीला मांडीवर घेऊन ऐकत होते.

"और एक बात," जमादार म्हणाला, "मेहमान साहब को सारस का जोड़ा चाहिए. खाल में भूसा भरवाकर विलायत ले जाएँगे. बच्चा भी मिले तो अच्छा."

 मग मामाजींचा आवाज आला, "बदकं पुढच्या पाण्यात मारा म्हणा. मागच्या कडेला बंदूक चालत नाही आमच्याकडे."

"साहब को ना बोलोगे?"

मामाजींनी खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला.

"बोलो ना, पटेलजी. मैं जाकर क्या कहूँ? मालगुजार ने मना किया?"

मी फटीतून पाहिलं. मामाजींनी पंच्यानं तोंड पुसलं, जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाले, "जैसी साहब की मर्जी." माझ्या घरधन्यांनी मान खाली घातली होती. पाहुण्यांचा डोंगा तेच चालवणार, हेही तिथंच ठरलं. त्यांच्याइतका सराव दुसऱ्या कुणाला नव्हता.

घोडा गेल्यावर मामाजी आतल्या खोलीत जाऊन पडले. जेवायला उठले नाहीत. आत्याबाई चुलीपुढे बसल्या होत्या. भात खाली लागल्याचा वास आला तरी त्यांनी हंडी उतरवली नाही. मी उतरवली. तेव्हा त्या म्हणाल्या, "हो म्हटलं ते त्यायनं म्हटलं. आपल्याले कोणी विचारलं नाई."

मला अर्थ लागला नाही. "म्हणजे?"

"म्हणजे आपण हो म्हटलं नाई."

दुपारी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि तलावाच्या अंगाला असलेल्या ढिवरपुऱ्यात गेल्या. आमच्या घरातली बाई तिथं सहसा पाय ठेवत नसे. एका घरापुढे जाळं दुरुस्त करत एक बाई बसली होती. वयानं आत्याबाईंच्या बरोबरीची, अंगानं काटक, आवाज खणखणीत. शिंगाडे काढायला बायका जायच्या त्या तिच्याच सांगण्यानं. आत्याबाई उभ्या उभ्याच बोलल्या. शिंगाडे पिकले आहेत, काढायची वेळ आहेच. साहेब येईल त्या दिवशी सगळ्या बायकांनी मागच्या कडेला पाण्यात उतरायचं. माणसं पाण्यात असली की बंदूक कशी चालवतील?

त्या बाईनं जाळं बाजूला ठेवलं. "बंदुकीसमोर जाऊ म्हणतेस आमाले?"

"चालवणार नाई ते. बाया पाहून कोणी चालवते का?"

"तुले काय मालूम? तू पाहिलं कधी? सारस तुमचे, आन् जीव आमचा काऊन?"

 आजूबाजूच्या दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. कुणी हसलं नाही, कुणी बस म्हटलं नाही. ती बाई उठली, आमच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या घरचं कोण उतरेल पाण्यात, ते सांग पयले. मग मी आमच्या बायाले विचारतो."

आत्याबाईंचे गुडघे धरलेले होते, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. तरी त्यांनी तोंड उघडलं. त्या काही बोलायच्या आत मी म्हणाले, "मी उतरते."

कुठून बोलले, मला आजही सांगता येणार नाही. मला पोहता येत नव्हतं. जळवांची तर इतकी भीती होती की तलावावर धुणंसुद्धा मी दगडावर बसून धुवायचे. त्या बाईनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"गोंदियाची ना तू?"

"हो."

"थंडं राहते पाणी," एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा जाळ्यापाशी बसली. आम्ही परत निघालो. वाटेत मी विचारलं, येतील का त्या? आत्याबाई म्हणाल्या, त्यांनाही ठाऊक नाही. आणि घरातल्या पुरुषांपुढे एक शब्द काढायचा नाही, असं बजावलं.

मग तंबू आले, खानसामे आले, साहेब आणि त्यांचे पाहुणे आले. पाळीवर पांढऱ्या राहुट्यांची रांग लागली. गावातल्या कोंबड्या संपल्या. घरधनी दिवसभर कॅम्पात असायचे. घरी आले की न बोलता जेवायचे. मी त्यांच्यासमोर बसून वाढायचे. एकदा ते आपणहून म्हणाले, "पिल्लू उडून गेलं असतं तर बरं झालं असतं." माझ्या ओठांवर आलं होतं. मी ताटात आणखी भात वाढला.

शिकारीच्या दिवशी सकाळी धुकं होतं. घरधनी डोंग्याकडे गेले तशी मी मुलीला शेजारणीकडे ठेवलं, लुगड्याचा काचा घट्ट मारला आणि आत्याबाईंबरोबर जंगलाच्या वाटेनं मागच्या कडेला गेले. तिथं कुणी नव्हतं.  देवनळातून कोंबडीसारखा आवाज करत एक पाणपाखरू निघालं आणि पुन्हा आत शिरलं. आत्याबाई एका दगडावर बसल्या. मग झाडीतून मडकी एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला. ढिवरपुऱ्यातल्या बायका येत होत्या. टोपल्या आणि पालथी मडकी घेऊन, जशा रोज यायच्या तशाच. जाळं दुरुस्त करणारी ती बाई पुढे होती. माझ्या हातात एक मडकं देऊन म्हणाली, "पोटाखाली धर. पाय चिखलात रुतला तर ओढू नको, मडक्यावर भार दे."

पाणी कमरेला लागलं तेव्हा श्वास अडकला. खाली चिखल पायाला धरून ओढत होता. शिंगाड्याचे वेल पाण्यावर पसरलेले; वेल उचलायचा, खालचं फळ खुडायचं, टोपलीत टाकायचं. फळाला काटे. थोड्याच वेळात माझी बोटं रक्ताळली. आमच्या मागे, देवनळाच्या कडेला सारसांची जोडी उभी होती आणि दोघांच्या मध्ये पिल्लू. बायकांची त्यांना सवय होती. ते आमच्याकडे पाहतही नव्हते.

पुढच्या पाण्यावर पहिली बंदूक वाजली आणि सगळा तलाव उठला. इतकी पाखरं एकदम मी कधी पाहिली नव्हती. अडया, चक्रवाक, लहानमोठी बदकं, सगळी उठली आणि आमच्या डोक्यावरून घिरट्या घालत मागच्या कडेला उतरू लागली, कारण इथं त्यांना कधी कुणी मारलं नव्हतं. वाजणं थांबत नव्हतं.  प्रत्येक बाराला माझे खांदे आपोआप वर जात होते. एक जखमी बदक आमच्यामध्ये येऊन पडलं, पाण्यावर गोल गोल फिरलं आणि थंड झालं.

धुकं वर उचललं तेव्हा डोंगे आमच्याकडे वळलेले दिसले. पहिल्या डोंग्यात पाहुणा साहेब आणि मागे बांबू घेऊन उभे असलेले घरधनी. दुसऱ्यात मोठे साहेब. जमादार काठानं धावत येत ओरडत होता, "हटो! बाहर निकलो सब!"

"सिंगाडा काढून राहिलो जी!" ती बाई ओरडून म्हणाली. "रोजचंच काम आहे!"

"बाद में निकालना! निकलो!"

कुणी निघालं नाही. तिनं वेल उचलला, फळ खुडलं. मीही खुडलं. ते टोपलीत न पडता पाण्यात पडलं.

डोंगा जवळ आला. घरधन्यांनी मला ओळखलं तो क्षण मी पाहिला. आधी त्यांची नजर सगळ्यांवरून गेली, मग माझ्या लुगड्यावर थांबली, मग चेहऱ्यावर. बांबू पाण्यात तसाच राहिला. डोंगा आपल्या वेगानं थोडा पुढे सरकून थांबला. तेवढ्यात मागून सारसाची साद आली. नर मान आभाळाकडे करून ओरडला, मादीनं त्याला उत्तर दिलं. तुतारीच जणू कानाशी वाजली. पाहुणा उभा राहिला. डोंग्यात उभं राहू नये, हे त्याला कुणी सांगितलं नसेल किंवा त्यानं ऐकलं नसेल. त्यानं बंदूक खांद्याला लावली. तिचं तोंड आमच्या डोक्यांच्या किंचित वर होतं. घरधनी ओरडले, "साब, नहीं! औरतें हैं!"

डोंगा कलला. बार उडाला.

पाण्यावर मूठभर खडे फेकावेत तसा आवाज माझ्या उजवीकडून गेला. कुणीतरी किंचाळलं. मी डोळे उघडले तेव्हा ती बाई खांदा धरून उभी होती आणि तिच्या ओल्या लुगड्यावर लाल डाग पसरत होता. ती पडली नाही. टोपलीसुद्धा सोडली नव्हती. मी तिच्याकडे जायला पाय ओढला आणि चिखलात आणखी रुतले. मडकं सुटलं. पाणी नाकातोंडात गेलं. दोघींनी मला काखेत धरून वर काढलं.

पाहुणा डोंग्यात खाली बसला होता, चेहरा कागदासारखा. मोठे साहेब आपल्या डोंग्यातून इंग्रजीत त्याच्यावर इतके जोरात ओरडत होते की राहिलेली पाखरंही उठली. सारस उडाले नाहीत. ते पिल्लाला घेऊन देवनळात शिरले होते.

काठावर तिला बसवलं. मोठ्या साहेबांनी औषधाची पेटी मागवली, स्वतः जखम धुतली. छऱ्यांचे दाणे कातडीत शिरले होते. वरवरचे निघाले, एकदोन आतच राहिले. ती दात आवळून बसली होती, आत्याबाईंनी तिचा दुसरा हात धरला होता. मामाजींना बोलावणं गेलं होतं. ते धापा टाकत आले, आणि आम्हाला तिथं चिखलानं माखलेलं पाहून जागच्या जागी थांबले.

जमादारानं सुरुवात केली. "हुजूर, यह सब सिखाया हुआ है. मालगुजार ने भेजा है इनको."

साहेबांनी मामाजींकडे पाहिलं. हिंदी त्यांना चांगलं येत होतं. "आपने भेजा?"

"नहीं हुजूर," मामाजी म्हणाले.  "मुझे मालूम नहीं."

"फिर किसने?"

 मामाजींची मालगुजारी, घर, सगळं त्या एका उत्तरावर लटकल्यासारखं मला वाटलं. आत्याबाई म्हणाल्या, "सिंगाडे पिकले होते, साहेब." जखमी बाईनं आपली टोपली पायानं पुढे सरकवली. ती भरलेली होती.

साहेबांनी टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या हातांत चांदीचे गोठ होते, लुगडं ढिवरणींच्या लुगड्यासारखं नव्हतं, आणि बोटांतून रक्त येत होतं. रोज शिंगाडे काढणाऱ्या बाईची ती बोटं नव्हती, हे कुणालाही कळलं असतं.

"यह भी सिंगाड़ा निकालती है?"

 सासऱ्यांसमोर परक्या पुरुषाशी मी कधी बोलले नव्हते. पण सगळे माझ्याकडे पाहत होते. "आज सीखने आई थी, साहब," मी म्हणाले.

 साहेबांना सगळं समजलं होतं, याबद्दल मला शंका नाही. मग त्यांनी पाण्याकडे पाहिलं, जमादाराला म्हणाले, "कैम्प उठाओ," आणि पाठ फिरवून चालू लागले.

दुपारपर्यंत राहुट्या उतरल्या. कॅम्प जंगलापलीकडच्या दुसऱ्या गावच्या तलावावर गेला. मला वाटलं होतं, आता हायसं वाटेल. पण वारा तिकडून आला की बंदुका ऐकू यायच्या, दिवसभर. परतीच्या गाड्या आमच्याच रस्त्यानं गेल्या. बदकांच्या माळा बांधलेल्या, माना लोंबत होत्या. आमच्याकडून उठलेली पाखरंच तिकडे जाऊन बसली असणार. मी ओसरीवरून पाहिलं आणि आत जाऊन बसले. 

घरधनी माझ्याशी बोलत नव्हते. शेवटी एका संध्याकाळी गोठ्यात मी दूध काढत असताना ते दारात येऊन उभे राहिले.

"काऊन सांगितलं नाही मले?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं?"

"नाही."

"म्हणून."

त्यांनी दाराची चौकट धरली होती. "डोळ्यासमोर बंदूक उडाली. तू त्यात होतीस का नाही, तेही दिसून नव्हतं राहिलं धुरात."  मी दुधाचं भांडं बाजूला ठेवून उठले. मग विचारलं, डोंगा कसा कलला? ते म्हणाले, पाय घसरला. कितीदा विचारलं तरी हेच सांगायचे. त्यांचा पाय डोंग्यात कधी घसरलेला मी पाहिला नाही, पण मी त्यावर वाद घातला नाही.

मामाजी मात्र बदलले. आधी ते आत्याबाईंवर खूप रागावले. त्या रागात भीती किती होती ते आम्हा दोघींना कळत होतं. मग एके दिवशी टोपी घालून ढिवरपुऱ्यात गेले आणि त्या बाईच्या ओसरीवर बसले. काय बोलले, कुणाला माहीत नाही. पण पुढच्या गावबैठकीत त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, की मागच्या कडेला यापुढे बंदूक चालणार नाही, आणि यात आमच्या घरचे पाहुणेसुद्धा आले. आमच्याच नात्यातले दोघंजण उठून गेले. घरटी असतील तोवर तिकडे जाळंही लावायचं नाही, असं ढिवरांनी आपणहून जोडलं. जमादारानं वर काही कागद पाठवला असेल म्हणून आम्ही कितीतरी दिवस घोड्याची टाप ऐकली की दचकायचो. कागद आला नाही.

पिल्लू संक्रांतीनंतर उडालं. मी तेव्हा पाण्यावरच होते. त्या बाईचा खांदा थंडीत आखडायचा, टोपली उचलवत नसे, म्हणून तिच्या वाटचे राहिलेले शिंगाडे काढायला मी जात होते. पिल्लू नेहमीसारखं पंख पसरून धावलं, आणि या वेळी थांबलं नाही. पाय पाण्याला घासत राहिले, मग सुटले. आईबाप मागोमाग उठले. तिघं पाळीवरून आमच्याकडच्या प्रतापगडाच्या डोंगराकडे गेले आणि दिसेनासे झाले.

"गेलं व," ती काठावरून म्हणाली. ती रडत होती की उन्हानं डोळे मिचकावत होती, सांगता येत नाही.

उन्हाळ्यात तलाव आटला, मागची कड भेगाळली. पावसाळ्यात जोडी परत येईल का, याची मला काळजी होती. ती आषाढात आली. तीच की दुसरी, ते कोण ओळखणार? त्याच सुमारास पलीकडच्या गावातल्या काही बायका आमच्याकडे आल्या. थंडीत त्यांच्या तलावावर मारलेली पाखरं त्यांनी पाहिली होती. पायावर चिखल घेऊन त्या ओसरीखाली उभ्या राहिल्या आणि आत्याबाईंना विचारू लागल्या, तुम्ही काय केलं ते आम्हाला सांगा. आत्याबाईंनी त्यांना वर बसवलं, मला पोहे भिजवायला सांगितलं, आणि ढिवरपुऱ्यात त्या बाईला निरोप धाडला.